‘शैवलकवक’ वर्गाचा उदय आणि अस्त

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतील कवकांचा विभाग उघडला, तर आरंभीच्या प्रकरणांत ‘फायकोमायसीटीझ’ हा वर्ग हटकून आढळतो. या नावाचा शब्दशः अर्थ ‘शैवलकवके’. शिळ्या पावावर वाढणारी म्यूकर व रायझोपस या जातींची बुरशी, मोहरीच्या पानांवरील पांढरा तांबेरा, द्राक्षावरील व ज्वारीवरील केवडा, बटाट्याचा करपा, हे सर्व उत्पन्न करणारे जीव या एकाच वर्गात घातलेले असत. विद्यार्थी ते एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांच्या आकृत्या वहीत काढीत. आज हा वर्ग अस्तित्वात नाही. त्यातील म्यूकर व रायझोपस यांची गणना खऱ्या कवकांत होते, आणि खरी कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत असे आता मानतात. करपा व केवडा यांचे जनक मात्र कवकांच्या सृष्टीतून बाहेर पडले असून समुद्रातील तपकिरी शैवले व डायाटम हे त्यांचे आप्त ठरले आहेत.

एका प्रकरणात शेजारी बसलेले हे जीव मुळात एकत्र का आले आणि पुढे विभक्त कसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची उलथापालथ, अशी समजूत विद्यार्थ्यांत पुष्कळदा दिसते. या एका वर्गाचा इतिहास पाहिला असता ती समजूत टिकत नाही. ‘कवक म्हणजे काय’ या प्रश्नास आपण जे उत्तर देतो, त्यावर शेतातील फवारणीपासून रुग्णालयातील औषधापर्यंत अनेक व्यावहारिक गोष्टी अवलंबून असतात, असे या इतिहासावरून स्पष्ट होते.

१. कवकांचे सामान्य स्वरूप

विषयप्रवेशासाठी कवकांची काही मूलभूत लक्षणे प्रथम ध्यानात घेतली पाहिजेत. बहुतेक कवकांचे शरीर अतिसूक्ष्म तंतूंचे बनलेले असते. हे कवकतंतू टोकाशी वाढतात, त्यांना फाटे फुटतात आणि त्यांचे दाट कवकजाल तयार होते. पावसाळ्यात दिसणारे भूछत्र किंवा अळंबे हा कवकाचा केवळ फलभाग होय. त्याचे खरे शरीर मातीत किंवा कुजणाऱ्या लाकडात जाळ्याच्या रूपाने पसरलेले असते. कवकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. प्राण्यांप्रमाणे अन्न गिळून आत घेणेही त्यांना शक्य नसते, कारण त्यांच्या पेशींभोवती टणक भित्तिका असते. म्हणून ती पाचक विकरे शरीराबाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळवतात आणि नंतर ते शोषून घेतात. प्राणी अन्न आत घेऊन पचवतो; कवक अन्नातच राहते आणि ते बाहेर पचवून आत घेते, असे थोडक्यात म्हणता येईल. प्रजोत्पादन बीजुकांनी होते; ही बीजुके वारा, पाणी किंवा कीटक यांच्या द्वारे पसरतात.

तंतुमय शरीर, शोषणाने पोषण आणि बीजुकांनी प्रसार ही तीन लक्षणे ज्यात एकत्र आढळतात ते कवक, अशी व्याख्या दीर्घकाळ पुरेशी वाटत होती. ती व्याख्या शरीराची ठेवण व राहणी सांगते, वंश सांगत नाही. पुढील सर्व वादाचे मूळ येथेच आहे.

२. बीजुकाचा शोध आणि रोगाचे कारण

कवकांना बीज नाही, ती ओलाव्यातून व कुजण्यातून आपोआप उपजतात, ही कल्पना प्राचीन ग्रीक व रोमन लेखकांपासून युरोपात चालत आली होती. तिला पहिला मोठा धक्का फ्लॉरेन्स येथील पिएर आंतोन्यो मिकेली याने दिला. १७२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने सुमारे १,९०० वनस्पती वर्णिल्या. त्यांपैकी कवके व दगडफुले मिळून सुमारे ९०० होती. त्याने बुरशीची बीजुके कलिंगडवर्गीय फळांच्या फोडींवर पेरली व तीच बुरशी पुन्हा उगवते असे दाखविले. अ‍ॅस्परजिलस हे आज सर्वपरिचित असलेले नाव त्यानेच दिलेले आहे. परंतु या प्रयोगाचे महत्त्व समकालीनांस पटले नाही. खुद्द लिनीअसने १७६७ च्या आवृत्तीत ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, या नावाच्या प्रजातीत काही कवकांस जागा दिली, यावरून त्या काळची संभ्रमावस्था कळून येते.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक होती. रोगट पिकावर बुरशी दिसते ती रोगाचे कारण म्हणून की परिणाम म्हणून? फ्रान्समध्ये मात्यू तिये याने १७५५ मध्ये गव्हाच्या काणीवर शेतात पद्धतशीर प्रयोग केले आणि काणीची काळी भुकटी निरोगी बियाण्यास लावली असता रोग पसरतो असे सिद्ध केले. मात्र ती भुकटी सजीव आहे हे त्यास उमगले नाही. ते काम बेनेदिक्त प्रेव्हो याने १८०७ मध्ये पुरे केले. त्याने काणीची बीजुके पाण्यात रुजताना पाहिली आणि ताम्रक्षारांच्या अल्पांशानेही त्यांचे रुजणे थांबते हे नोंदविले. विद्वत्सभेने त्याचे म्हणणे स्वीकारले नाही, आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे हा विचार मागे पडला. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बासी याने रेशमाच्या किड्यांचा एक रोग कवकामुळे होतो हे दाखविले. सूक्ष्मजीव हा प्राण्याच्या रोगाचे कारण ठरल्याचे हे पहिले उदाहरण होय. तरीही वनस्पतींच्या बाबतीत जुने मतच प्रबळ राहिले.

३. बटाट्याचा करपा आणि द बारी

१८४५ च्या उन्हाळ्यात युरोपात बटाट्याचे पीक काळे पडून कुजू लागले. आयर्लंडमध्ये गरीब जनतेचे मुख्य अन्नच बटाटा असल्याने तेथे सर्वांत भयंकर अनर्थ ओढवला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष लोक भूक व रोगराई यांनी मेले आणि जवळजवळ तितकेच देशांतरास गेले. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लक्षांवर आली. या दुष्काळास जमीनधारणेची पद्धती व तत्कालीन शासनाचे धोरण ही कारणेही होतीच; परंतु आरंभ एका सूक्ष्म जीवाने केला होता.

त्या जीवाविषयी लगेच वाद झाला. फ्रान्समधील मोंतान्य याने १८४५ मध्ये त्यास ‘बॉट्रायटिस इन्फेस्टन्स’ असे नाव दिले. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व कवकांचे अभ्यासक रेव्हरंड एम. जे. बर्कली यांनी १८४६ मध्ये बुरशी हेच रोगाचे कारण असल्याचे मत मांडले. नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांना ते मान्य नव्हते. अतिवृष्टीमुळे झाडांत पाणी साचले, ती कुजली आणि कुजलेल्या भागावर बुरशी आली, असे त्यांचे प्रतिपादन होते. बर्कली यांच्यापाशी बारकाईचे निरीक्षण होते, निर्णायक प्रयोग नव्हता.

तो प्रयोग आंतोन द बारी (१८३१–१८८८) या जर्मन शास्त्रज्ञाने केला. १८५३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने काणी व तांबेरा यांवरील पुस्तकात ही कवके रोगट ऊतकांतून उपजत नसून स्वतंत्र जीव आहेत असे प्रतिपादिले. १८६१ मध्ये त्याने बटाट्याच्या निरोगी झाडांवर करप्याची बीजुके घालून रोग उत्पन्न केला. त्याच परिस्थितीत ठेवलेली, पण बीजुके न घातलेली झाडे निरोगी राहिली. याच जीवाची बीजुके पाण्यात फुटून त्यांतून कशाभिकांच्या साह्याने पोहणारी चलबीजुके बाहेर पडतात, हेही त्याने पाहिले. १८७६ मध्ये त्याने या जीवासाठी ‘फायटॉप्थोरा’, म्हणजे वनस्पतिनाशक, ही नवी प्रजाती स्थापिली. १८६५ मध्ये गव्हाच्या तांबेऱ्याचे जीवनचक्र गहू व बार्बेरी या दोन यजमानांवर पुरे होते, हा शोधही त्याचाच.

आधुनिक कवकशास्त्राचा पाया द बारीने घातला असे सर्वत्र मानले जाते, आणि ते यथार्थ आहे. तथापि ज्या जीवामुळे ‘कवक हे रोगाचे कारण असते’ ही गोष्ट शास्त्रात सर्वमान्य झाली, तो फायटॉप्थोरा आजच्या अर्थाने कवक नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. द बारीचा कार्यकारणविषयक निष्कर्ष त्यामुळे यत्किंचितही बाधित होत नाही. बाधित होते ते त्या जीवाचे वर्गीकरण.

४. वर्गाची स्थापना

१८६६ च्या आपल्या ग्रंथात द बारीने कवकांचे चार मोठे गट केले. त्यांतील पहिला शैवलकवकांचा. या गटाची लक्षणे वरकरणी स्पष्ट होती. त्यातील जीवांचे तंतू सलग नळीसारखे असतात, त्यांत आडपडदे क्वचितच आढळतात. अलिंग बीजुके कोशात तयार होतात. लैंगिक प्रजोत्पादनात दोन इंद्रियांचा संयोग होऊन जाड कवचाचे एक बीजुक बनते. म्यूकरमध्ये हा संयोग दोन सारख्या टोकांचा असतो. फायटॉप्थोरा व तत्सम जीवांत लहान पुं-इंद्रिय व मोठे स्त्री-इंद्रिय असा भेद असतो. हा फरक ध्यानात आला होता, परंतु तो एकाच वर्गाचे दोन उपविभाग करण्यापुरताच महत्त्वाचा मानला गेला.

नावातील ‘शैवल’ हा शब्दही निराधार नव्हता. प्रिंग्सहाइम याने व्हाउचेरिया या शैवलातील फलन १८५५ मध्ये वर्णिले आणि लवकरच सॅप्रोलेग्निया या पाण्यातील बुरशीतही तसेच स्त्री-इंद्रिय व पुं-इंद्रिय त्यास आढळले. दोहोंचे तंतू सलग नळीसारखे, दोहोंत चलबीजुके. यावरून काही शैवलांचे हरितद्रव्य नष्ट होऊन त्यांपासून ही कवके निर्माण झाली, आणि त्यांपासून पुढे उच्च कवके उत्क्रांत झाली, अशी उपपत्ती रूढ झाली. डार्विनचा ग्रंथ नुकताच प्रसिद्ध झालेला असल्याने ती त्या काळास अनुकूलही होती. या उपपत्तीने दोन गोष्टी साधल्या. एक, कवकांना वनस्पतिसृष्टीत सन्मानाचे स्थान मिळाले. दुसरे, म्यूकरपासून अळंब्यापर्यंत एक सलग शिडी कल्पिता आली. शैवलकवके ही त्या शिडीची सर्वांत खालची पायरी ठरली.

हिंदुस्थानातील कवकशास्त्राची उभारणी याच चौकटीत झाली. आयर्लंडमध्ये जन्मलेले ई. जे. बटलर हे १९०१ मध्ये येथे आले व पुढे बिहारमधील पुसा येथे शासकीय कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पिथियम प्रजातीवरील प्रबंध आणि १९१८ मधील कवके व वनस्पतिरोग यांवरील ग्रंथ हे या देशातील वनस्पतिरोगविज्ञानाचे आधारस्तंभ होत. पश्चिम किनाऱ्यावरील सुपारीच्या बागांत पावसाळ्यात फळगळ करणाऱ्या कोळेरोगाचा अभ्यास कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात केला व १९१० मध्ये त्याचा कारक फायटॉप्थोराच असल्याचे दाखविले. पुण्यात बी. एन. उप्पल यांनी ज्वारीच्या केवड्यावर काम केले. या रोगाच्या कारकास स्वतंत्र जातीचा दर्जा वेस्टन व उप्पल यांनी १९३२ मध्ये दिला. पिथियम, कोळेरोगाचा फायटॉप्थोरा आणि ज्वारीच्या केवड्याचा जीव हे तिन्ही आज कवकांच्या सृष्टीबाहेर आहेत. आपल्याकडील कवकशास्त्राच्या पहिल्या पिढीचे कितीतरी मोलाचे काम अशा जीवांवर झालेले आहे.

५. चौकटीस पडलेले तडे

वर्गाविरुद्धचा पुरावा एकदम पुढे आला नाही. त्याचा एक धागा तर वर्ग स्थापन होण्यापूर्वीचा आहे. १८११ मध्ये फ्रान्समधील आंरी ब्राकोनो याने अळंब्यांपासून एक न विरघळणारा पदार्थ वेगळा केला. १८२३ मध्ये ओदिये याने कीटकांच्या कवचातून तसाच पदार्थ मिळवून त्यास ‘कायटिन’ असे नाव दिले. अळंब्याच्या पेशीभित्तिकेत व कीटकाच्या कवचात एकच द्रव्य असावे, ही गोष्ट कवकांना वनस्पती समजणाऱ्यांस अडचणीची होती. १९२१ मध्ये फ्रिट्स फोन व्हेटश्टाइन याने शैवलकवकांतील पेशीभित्तिकांची तुलना केली. म्यूकर गटात कायटिन आढळते, तर फायटॉप्थोरा व सॅप्रोलेग्निया यांच्या गटात सेल्यूलोज आढळते, असे त्यावरून स्पष्ट झाले. तरी वर्ग टिकून राहिला.

दुसरा पुरावा कशाभिकांचा. १९४१ मध्ये अमेरिकेतील जे. एन. काउच यांनी पाण्यातील शैवलकवकांच्या कशाभिकांची रचना व हालचाल यांचे सविस्तर वर्णन केले. कायट्रिड नावाच्या सूक्ष्म कवकांच्या चलबीजुकास मागील बाजूस एकच गुळगुळीत कशाभिका असते. फायटॉप्थोरा गटातील चलबीजुकास दोन असतात. एक गुळगुळीत, दुसरी बारीक केसांनी युक्त. अशी केसाळ कशाभिका तपकिरी व सोनेरी शैवलांत आढळते. एका वर्गात इतकी भिन्न यंत्रे कशी, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता.

तिसरा पुरावा गुणसूत्रांचा होता. म्यूकरच्या तंतूंतील केंद्रके एकगुणित असतात, आणि फायटॉप्थोरा गटातही तसेच असावे असे समजले जाई. १९६१ मध्ये इव्हा सॅन्सम यांनी पिथियममध्ये न्यूनीकरण विभाजन लैंगिक इंद्रियांतच होते असे दाखविले. याचा अर्थ त्याचे तंतू प्राण्यांच्या किंवा उच्च वनस्पतींच्या शरीराप्रमाणे द्विगुणित असतात. या निष्कर्षास आरंभी विरोध झाला, पण पुढे तो सर्वमान्य झाला.

याच दशकात जीवरसायनशास्त्रानेही साक्ष दिली. लायसीन हे अ‍ॅमिनो अम्ल सजीवांत दोन भिन्न मार्गांनी तयार होते. एच. जे. व्होगेल यांना असे आढळले की, खरी कवके एक मार्ग अवलंबितात, तर फायटॉप्थोरा गट वनस्पती व जीवाणू यांच्याप्रमाणे दुसरा मार्ग अवलंबितो. बार्तनिकी-गार्सिया यांनी १९६८ मध्ये पेशीभित्तिकांच्या रसायनावर आधारलेले विवेचन प्रसिद्ध केले. त्यातही हीच विभागणी दिसली. साठवणीच्या अन्नातही असाच भेद आहे. कवके प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेन साठवितात. फायटॉप्थोरा गटातील साठवणीचे पिष्टसम द्रव्य तपकिरी शैवलांतील लॅमिनॅरिनशी जुळणारे आहे.

कवके मुळात वनस्पती आहेत काय, हा व्यापक प्रश्नही याच सुमारास ऐरणीवर आला. जी. डब्ल्यू. मार्टिन यांनी १९५५ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिला. आर. एच. व्हिटेकर यांनी १९५९ मध्ये चार सृष्टींची व १९६९ मध्ये पाच सृष्टींची योजना मांडली आणि कवकांस स्वतंत्र सृष्टी दिली. त्यांचे मुख्य तत्त्व पोषणाचे होते: वनस्पती प्रकाशाने अन्न निर्माण करतात, प्राणी अन्न ग्रहण करतात, कवके शोषतात. या योजनेने कवकांची वनस्पतिशास्त्राच्या वंशवृक्षातून सुटका केली. पण राहणी हीच कसोटी मानल्यामुळे, शोषणाने जगणारा फायटॉप्थोरा नव्या सृष्टीतही कवकांबरोबरच राहिला. १९७३ मध्ये एन्सवर्थ व सहकाऱ्यांनी संपादिलेल्या ग्रंथात शैवलकवकांचा वर्ग मोडून कशाभिकायुक्त व कशाभिकाहीन अशी नवी वाटणी स्वीकारण्यात आली. शंभर वर्षांचे नाव तेथून मागे पडू लागले.

६. वंशाचा निर्णय

राहणीवरून की वंशावरून, हा वाद अखेर रेणवीय अभ्यासाने मिटविला. रायबोसोमातील आर. एन. ए. सर्व सजीवांत असतो आणि सावकाश बदलत जातो. त्याच्या क्रमांची तुलना करून दूरचे नातेही मोजता येते. १९८७ मध्ये गंडरसन व सहकाऱ्यांनी फायटॉप्थोरा गटातील अक्लिया या जीवाचा क्रम तपासला, तेव्हा तो सोनेरी शैवलांच्या शेजारी जाऊन बसला. १९९३ मध्ये वेनराइट व सहकारी, तसेच बाल्डॉफ व पामर यांनी वेगवेगळ्या पुराव्यांवरून असे दाखविले की, खरी कवके व प्राणी एकाच पूर्वजाच्या दोन शाखा आहेत. कायट्रिडच्या मागील बाजूची एकच कशाभिका आणि प्राण्यांच्या शुक्रपेशीचे शेपूट यांतील साम्य आता योगायोगाचे राहिले नाही; या संपूर्ण शाखेचे ‘ऑपिस्थोकाँट’, म्हणजे मागे कशाभिका असलेले, हे नाव त्यावरूनच पडले आहे.

येथे प्रिंग्सहाइमची आठवण करणे न्याय्य ठरेल. ज्या व्हाउचेरियाशी त्याने सॅप्रोलेग्नियाची तुलना केली, ते शैवल त्या काळी हिरव्या शैवलांत गणले जाई. आज ते केसाळ कशाभिकांच्या त्याच विशाल समूहात आहे ज्यात सॅप्रोलेग्निया व फायटॉप्थोरा आहेत. म्हणजे त्याला दिसलेले साम्य पुष्कळसे खरे होते. चूक झाली ती या साम्यावरून सर्व कवकांची वंशावळ रचण्यात. म्यूकरचे तंतू व फायटॉप्थोराचे तंतू सारखे दिसतात, कारण घन अन्नात शिरून ते शोषून घेण्यासाठी तंतू हीच सोयीची रचना आहे. दोन भिन्न वंशांनी ती स्वतंत्रपणे साधली. समान राहणीने समान रूप येते, हे शार्क व डॉल्फिन यांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. सूक्ष्म जीवांत ते ओळखण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

७. शेत आणि रुग्णालय

या निर्णयाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर द्राक्षबागेत मिळते. इंग्रजीत ज्यांना एकाच सामान्य नावाने ओळखतात अशा द्राक्षाच्या दोन रोगांस मराठीत केवडा व भुरी अशी दोन निराळी नावे आहेत. ही नावे पानांच्या रंगरूपावरून पडली, वंशाच्या ज्ञानावरून नव्हे; पण भेद खरा निघाला. भुरीचा कारक खरे कवक आहे, केवड्याचा कारक फायटॉप्थोराचा आप्त आहे. १८८५ मध्ये द बारीचाच शिष्य मिलार्दे याने केवड्यासाठी बोर्डो मिश्रण प्रचारात आणले. मोरचूद व चुना यांचे हे मिश्रण पुष्कळ प्रकारच्या जीवांस सरसकट मारक असल्याने वंशाचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. पुढे विशिष्ट क्रियेची औषधे आली तेव्हा तो उद्भवला. कार्बेन्डाझिम व ट्रायअझोल वर्गातील औषधे भुरीस उपयोगी पडतात, केवड्यावर त्यांचा परिणाम होत नाही. मेटॅलॅक्झिल केवड्यास लागू पडते, भुरीस नाही. जुन्या वर्गीकरणानुसार हे एक कोडे होते. नव्या वर्गीकरणानुसार ते अपेक्षितच आहे.

याचे कारण काही अंशी एर्गोस्टेरॉल या द्रव्यात आहे. तान्रे याने १८८९ मध्ये अर्गट या कवकापासून ते प्रथम वेगळे केले. खऱ्या कवकांच्या पेशीपटलात प्राण्यांच्या कोलेस्टेरॉलची जागा हे द्रव्य घेते. ट्रायअझोल औषधे त्याचे उत्पादन अडवितात. पॉलिईन वर्गातील प्रतिजैविके त्यास चिकटून पेशीपटल निकामी करतात. नायस्टॅटिन व अँफोटेरिसिन बी ही १९५० च्या दशकात प्रचारात आलेली औषधे या वर्गातील होत. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास शोधलेले हॅमायसिन हेही याच वर्गातील आहे. फायटॉप्थोरा मात्र स्टेरॉल स्वतः तयारच करीत नाही; त्यामुळे पॉलिईन औषधे त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून वनस्पतिरोगतज्ज्ञांनी याचाच लाभ घेतला. मातीतून फायटॉप्थोरा वेगळा काढावयाचा असता पोषकद्रव्यात पॉलिईन मिसळतात. खरी कवके दबतात आणि फायटॉप्थोरा वाढतो. वंश निश्चित होण्याच्या कितीतरी आधी या परीक्षानळीत शैवलकवकांचा वर्ग व्यवहारतः दुभंगला होता.

रुग्णालयातील उदाहरण अधिक जवळचे व अधिक दुःखद आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्यूकरमायकोसिसची साथ आली. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये संसदेस दिलेल्या माहितीनुसार देशात नोंदलेले रुग्ण ४५ हजारांहून अधिक होते आणि त्यांत महाराष्ट्रातील रुग्णांची संख्या सर्वांत मोठी होती. लोकांत ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले, पण काळेपणा बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतकांचा असतो. या रोगाचे कारक म्हणजे जुन्या पुस्तकांतील त्याच प्रकरणातील रायझोपस व म्यूकर. त्यावरील मुख्य औषध अँफोटेरिसिन बी होते, आणि त्या काळात त्याचा तुटवडा सर्वांनी अनुभवला. ते लागू पडते याचे कारण म्यूकर हे एर्गोस्टेरॉलयुक्त खरे कवक आहे. आणि ते रुग्णाच्या मूत्रपिंडास अपाय करू शकते याचे एक कारण असे की, आपल्या पेशीपटलांतील कोलेस्टेरॉलशी एर्गोस्टेरॉलचे बरेच साम्य आहे. कवके आपली दूरची भावंडे असल्यामुळेच, त्यांना मारील पण आपल्याला इजा करणार नाही असे औषध शोधणे जीवाणूंच्या तुलनेत इतके कठीण जाते. जीवाणुनाशक औषधांचे अनेक वर्ग उपलब्ध असता कवकनाशक औषधांचे मोजकेच आहेत, यामागील जीवशास्त्रीय कारण हेच होय.

८. उपसंहार

शैवलकवकांचा वर्ग चुकीचा ठरला म्हणून तो निर्माण करणारे अज्ञ होते असे समजणे अन्यायाचे होईल. उपलब्ध लक्षणांवरून त्यांनी एक प्रमेय मांडले, आणि ते तपासण्याजोगे असल्यामुळेच पुढे खोडून काढता आले. द बारीने स्वतः १८५९ च्या सुमारास श्लेष्मकवके प्राण्यांस जवळची मानून कवकांपासून वेगळी काढली होती. वंश वेगळा वाटल्यास प्रिय वर्गही मोडावा, हा धडा त्याच्याच कामात आहे. खऱ्या अर्थाने खटकणारी बाब दुसरी आहे. कायटिन व सेल्यूलोज यांचा भेद १९२१ मध्ये ठाऊक असूनही वर्ग आणखी अर्धे शतक अभ्यासक्रमांतून शिकविला गेला. पुरावा अपुरा नव्हता. प्रकरणांची मांडणी सोयीची होती.

आजही हे काम पुरे झालेले नाही. कवकांच्या सुमारे दीड लक्ष जाती वर्णिलेल्या आहेत, आणि २०१७ मधील एका अंदाजानुसार त्यांची खरी संख्या २२ ते ३८ लक्ष असावी. ज्या युग्मबीजुकी गटात म्यूकर राहिला, तोही एकवंशीय नसल्याचे आढळून २०१६ मध्ये दोन संघांत विभागला गेला. २०११ च्या मेलबर्न परिषदेत नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे नाव बदलून त्यात शैवले, कवके व वनस्पती यांचा स्वतंत्र उल्लेख करण्यात आला. पण कवकांची नावे अद्याप वनस्पतींच्याच संहितेखाली ठरतात, आणि बहुतेक विद्यापीठांत कवकशास्त्र वनस्पतिशास्त्र विभागातच शिकविले जाते. फायटॉप्थोराचा अभ्यासही कवकशास्त्रज्ञच करतात. यात व्यवहारतः काही वावगे नाही, मात्र ही सोय आहे, सिद्धांत नव्हे, हे विद्यार्थ्यांस सांगितले गेले पाहिजे. प्रयोगशाळेत रायझोपस व फायटॉप्थोरा यांच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून आकृती काढण्यास सांगताना, त्याबरोबरच ‘हे दोघे एकमेकांसारखे का दिसतात’ हा प्रश्नही विचारावा. शैवलकवकांचा वर्ग पुस्तकांतून गेला असला, तरी त्याने उपस्थित केलेला हा प्रश्न शिकविण्याजोगा आहे.